बांधावरचं भांडण आणि पाच सेंटिमीटरची जखम

नोकरीचं दुसरंच वर्ष होतं माझं, वाळवा तालुक्यातलं एक ग्रामीण रुग्णालय, जानेवारी महिना, म्हणजे ऊसतोड जोरात आणि रात्रभर रस्त्याला ट्रॉल्याच ट्रॉल्या. साडेनऊला जीप आली. तिशीतला माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेल लालभडक, आणि सोबत आठदहा जण, सगळे एकदमच बोलणारे. चुलतभावानं बांधावरनं कोयता हाणला म्हणे. "डॉक्टर, कोयत्याचंच लिवा, आमी डोळ्यानं बघितलंय."

डाव्या कानाच्या वर पाच सेंटिमीटरची सरळ फट होती, कडा नीट, लांबून बघणारा कुणीही कापलंय असंच म्हणेल. मी पण म्हटलंच, एमएलसीच्या (मारामारी-अपघाताच्या पोलीस केसच्या) कागदावर 'इन्साइज्ड'चं, म्हणजे धारदार हत्यारानं कापलेल्याचं, पहिलं अक्षर लिहून मोकळा झालो होतो. तेवढ्यात सिस्टर वस्तरा घेऊन केस काढायला लागल्या आणि मला आठवलं की केस तर बघितलेच नाहीत. म्हटलं थांबा जरा.

क्लार्ककाकांच्या टेबलावरचं भिंग आणलं (हसू नका, तेच होतं). धारदार हत्यार लागलं की जखमेवरचे केस सपकन कापले जातात. इथं केस चेंगरलेले, काही तसेच अखंड जखमेत घुसलेले. कडेला बारीक खरचटलेली, काळंनिळं झालेली किनार. आणि फोर्सेपनं कडा फाकवल्या तर तळाशी इकडून तिकडं ताणलेले बारीक धागे, टिश्यू ब्रिजेस. कोयत्यानं तोडलेला ऊस आणि गुडघ्यावर मोडलेला ऊस, मोडलेल्याच्या चोया लोंबतात ना, तसंच. डोक्याची कातडी कवटीवर ताणून बसलेली असते, खाली मऊ असं फारसं काही नाही, त्यामुळं काठी बसली तरी ती अशी सरळ फाटते की भलेभले फसतात. नडगीला, भुवईला पण हेच.

'लॅसरेटेड' लिहिलं, म्हणजे फाटलेली जखम, हार्ड अँड ब्लंट ऑब्जेक्ट, कठीण बोथट वस्तूनं झालेली. तेव्हा आयपीसी (भारतीय दंड संहिता) होतं, कोयता म्हटलं की कलम ३२४, घातक हत्यारानं दुखापत, नुसती मारहाण म्हणजे ३२३, म्हणजे एनसी, अदखलपात्र गुन्हा, त्यामुळं त्या एका शब्दावर सगळ्यांचं लक्ष. यादी (तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र) घेऊन आलेले हवालदार पण दोनदा म्हणाले, साहेब परत बघा की. बाहेर कुणीतरी बोललं की तिकडच्यांकडनं पैसे खाल्लेत. टाके घातले, टीटी दिलं, सीटीसाठी सांगलीला पाठवलं आणि त्या रात्री जेवलो नाही.

फिर्यादीत कोयताच राहिला, केस ३२४ मध्येच गेली. दोनेक वर्षांनी साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, कोयत्याच्या उलट्या बाजूनं मारलं तर अशी जखम होईल?"

खरंच, कोयत्याची पाठ बोथटच असते की. त्या रात्री हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"होऊ शकते," म्हणालो.

बाहेर आलो तर त्या आठदहांतला एक तंबाखू मळत उभा. "मग त्या रातीच लिवायचं की ओ."