जेलवरची फिकट रेघ

जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, तीन बँड होते. खाली १५६, त्याच्या वर २०१ आणि सगळ्यात वर ३५७ बेसजोड्यांच्या (डीएनएतल्या अक्षरजोड्यांच्या) जागी एक पुसटशी रेघ. नमुना एका तरुण होल्स्टीन वळूच्या रक्ताचा, तपासणी 'ब्लॅड' या आनुवंशिक आजाराची. वळू रेतन केंद्रात दाखल व्हायचा होता. तक्त्याप्रमाणे वाचलं तर तीन बँड म्हणजे वाहक (स्वतः निरोगी, पण दोष पुढे देणारा), आणि वाहक म्हणजे वळू बाद. पण खऱ्या वाहकाचा वरचा बँड एवढा फिकट नसतो. बहुतेक वेळा तो तिघांत ठसठशीत दिसतो.

ब्लॅड हा पांढऱ्या पेशींचा आजार. आयटीजीबी२ या जनुकात ३८३व्या जागी ए जाऊन जी येतो, आणि त्यातून बनणाऱ्या सीडी१८ प्रथिनात १२८व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसिन बसतं. एका अक्षराचा फरक. पण हे प्रथिन नीट नसलं की पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीची भिंत धरून बाहेर पडता येत नाही. रक्तात त्यांची संख्या भरमसाट वाढते आणि जंतू असतात तिथे त्या पोचतच नाहीत. तोंडात व्रण, न्यूमोनिया, हगवण, न भरणाऱ्या जखमा. अशी वासरं बहुतेक वर्षभरात दगावतात. हे सगळं जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच. एकच सदोष असली तर जनावर ठणठणीत असतं आणि दोष निम्म्या संततीला देत राहतं. १९५२ साली अमेरिकेत जन्मलेल्या ऑस्बोर्नडेल आयव्हनहो या नामांकित वळूपर्यंत या दोषाचं मूळ जातं. १९९२ मध्ये नेमका बदल सापडला तेव्हा तिथल्या रेतन-वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक निघाले होते. गोठवलेल्या रेताने चांगलं दूध जितक्या वेगाने पसरलं, तितक्याच वेगाने हेही पसरलं.

तपासणी जुनी आणि साधी आहे. पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पद्धतीने, ३५७ बेसजोड्यांचा तुकडा वाढवायचा आणि तो टॅक-वन या एन्झाइमने कापायचा. निरोगी प्रतीत टीसीजीए अशी अक्षरं येतात. टॅक-वन तिथे कापतं आणि २०१ व १५६ असे दोन तुकडे पडतात. सदोष प्रतीत त्या चारांतला शेवटचा ए गेलेला असतो, म्हणून तुकडा अखंड राहतो. (पीसीआरमधलं टॅक पॉलिमरेज आणि हे टॅक-वन एकाच जिवाणूतून आलेले. नवखा हात फ्रीजरमधून एकाच्या जागी दुसरं उचलतो, तेव्हा दिवस वाया जातो.)

या पद्धतीत एक खोट आहे: 'न कापलेला' आणि 'कापताच न येणारा' हे दोन्ही तुकडे जेलवर सारखेच दिसतात. त्यामुळे पहिला संशय नेहमी अर्धवट कापणीवर. टॅक-वनला ६५ अंश लागतात. झाकण न तापणाऱ्या ब्लॉकमध्ये ट्यूब ठेवली तर पाणी उडून झाकणाला चिकटतं, खाली क्षार वाढतात आणि एन्झाइम मंदावतं. एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतं, जड असतं. पिपेटने वरखाली करून मिसळलं नाही तर तळाशी बसून राहतं. म्हणून जास्तच ओतावं, तर ग्लिसरॉल पाच टक्क्यांवर जातं आणि एन्झाइम भलत्या जागी कापायला लागतं. एन्झाइम एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागाहून जास्त घालायचं नाही, हा नियम तिथूनच आला. शिवाय रक्त हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमधून आलं असेल तर हेपॅरिन आधी पीसीआरलाच अडवतं. हे रक्त ईडीटीएच्या ट्यूबमधलं होतं, तो प्रश्न नव्हता.

कापणी पुन्हा लावली. १० मायक्रोलिटर पीसीआर उत्पादन, १० युनिट एन्झाइम, एकूण २५ मायक्रोलिटर, तापत्या झाकणाखाली दोनऐवजी चार तास. शेजारी ज्ञात निरोगी, ज्ञात वाहक आणि पाण्याची कोरी ट्यूब. निरोगी नमुना पूर्ण कापला गेला, कोऱ्या ट्यूबमध्ये काही नाही, आणि वळूच्या नमुन्यात रेघ होती तशीच. चार तासांतही ती कमी झाली नाही म्हणजे दोष कापणीचा नव्हता. हे-थ्री एन्झाइम उलट बाजूने काम करतं: सदोष प्रतीत जी आल्याने त्याच्यासाठी नवी जागा तयार होते. त्यानेही थोडी सदोष प्रत आहे असंच दाखवलं.

आता 'थोडी' म्हणजे किती? ज्ञात वाहकाचा डीएनए निरोगी डीएनएत मिसळून पट्टी तयार केली: एकास एक, एकास तीन, एकास सात, एकास पंधरा. इथे एक गंमत लक्षात ठेवावी लागते. पीसीआरच्या शेवटच्या फेऱ्यांत धागे सुटून पुन्हा जुळतात तेव्हा निरोगी धागा सदोष धाग्याशीही जोडी लावतो, आणि अशी संकरित जोडी टॅक-वनला कापता येत नाही. म्हणूनच निव्वळ वाहकात, निम्म्या प्रती निरोगी असूनही, अखंड बँड निम्म्याहून बराच जाड दिसतो. सदोष प्रत थोडी असली तर हाच परिणाम तिला जवळजवळ दुप्पट करून दाखवतो. म्हणून नुसत्या नजरेने टक्केवारी सांगू नये, पट्टीशीच ताडावी. वळूचा नमुना 'एकास तीन'च्या रांगेशी जुळला. एकास पंधराची रेघ जेमतेम दिसत होती. आमच्या जेलची हद्द तिथे संपते.

म्हणजे त्या ट्यूबमध्ये साधारण तीन भाग एका निरोगी जनावराचं आणि एक भाग एका वाहकाचं रक्त होतं. सरळ उत्तर: शेजारच्या नमुन्याची सरमिसळ. मीही आधी तेच धरलं. नवं रक्त मागवलं, दुसऱ्या सहकाऱ्याने दुसऱ्या टेबलावर डीएनए काढला. तीच रेघ, तेवढीच फिकट. अशी सरमिसळ इतकी मापात होत नसते.

मग पालकत्व तपासणीचे बारा मायक्रोसॅटेलाइट मार्कर लावले, म्हणजे डीएनएतल्या अशा जागा जिथे तीच अक्षरं वारंवार येतात आणि त्यांची लांबी जनावरागणिक बदलते. एका जनावराला प्रत्येक मार्करवर आलेखात जास्तीत जास्त दोन शिखरं असतात, एक आईचं, एक बापाचं. इथे सात मार्करवर तीन आणि एकावर चार निघाली. हे मार्कर दोन अक्षरांच्या पुनरावृत्तीचे, त्यामुळे मुख्य शिखराच्या दोन बेस अलीकडे एक खोटं पिल्लू-शिखर येतंच. ते वगळूनही आकडा तोच. निर्णायक गोष्ट त्यापुढची. आई आणि बाप दोघांचा डीएनए साठ्यात होता. जास्तीची सगळी शिखरं त्या दोघांपैकी एकात सापडली. एकही परकं नाही. कुणा भलत्याच गायीचं रक्त मिसळलं असतं तर बारा मार्करवर असं जमून आलं नसतं. ट्यूबमधलं दुसरं जनावर या वळूचं सख्खं भावंड होतं.

केंद्राच्या डॉक्टरांना फोन केला.

"डॉक्टर, हा वळू जुळ्यातला आहे का?"

"नाही मॅडम. नोंदवहीत एकच वासरू आहे."

"जन्माच्या वेळी हजर होते त्यांना विचाराल का?"

दुपारी त्यांचाच फोन आला. गाय व्यायली तेव्हा मागून दुसरं वासरूही आलं होतं, कालवड, पण मेलेली. वहीत जिवंत वासरांचाच रकाना होता, म्हणून लिहिली गेली नाही.

गायीच्या जुळ्यांत हे घडतं. गर्भाशयात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा एकमेकींत उघडतात. मग रक्त बनवणाऱ्या मूळपेशी इकडून तिकडे जातात, दुसऱ्याच्या अस्थिमज्जेत घर करतात आणि जन्मभर तिथे राहतात. नराबरोबर जन्मलेली कालवड दहातल्या नऊ वेळांहून जास्त वांझ निघते, तीच फ्रीमार्टिन. तिचं कारण फ्रँक लिली यांनी १९१६ मध्ये या जोडलेल्या वाहिन्यांशी लावलं. १९४५ मध्ये रे ओवेन यांनी जुळ्या वासरांत प्रत्येकाच्या अंगात दोघांच्या तांबड्या पेशी असल्याचं दाखवलं. शरीर परक्या पेशी सहन करायला कसं शिकतं या संशोधनाची सुरुवात इथूनच झाली. गोठ्यात मात्र याची आठवण फक्त कालवड वांझ निघाली की होते. वळूचं रक्तही तितकंच मिसळलेलं असतं, आणि तो धडधाकट दिसतो म्हणून कुणी विचारत नाही.

खातरजमेसाठी गुणसूत्रं पाहिली. लिम्फोसाइटचं (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं) ७२ तासांचं कल्चर, म्हणजे त्या पेशी बाहेर वाढवणं, विभाजन थांबवायला कॉल्सेमिड, मग काचपट्टी. गायीत हे वाचन सोपं जातं: ६० गुणसूत्रांपैकी अलिंगी (लिंग न ठरवणारी) सगळी एका टोकाला जोडलेली असतात, त्यांत दोन बाजूंचं मोठं एक्स लगेच उठून दिसतं. ५० पेशी मोजल्या. ३७ एक्सवाय, १३ एक्सएक्स. म्हणजे चारांत एक. जेलच्या पट्टीने जे सांगितलं तेच.

आता प्रश्न वळूचा स्वतःचा. रक्त त्याच्याबद्दल नीट बोलत नाही म्हटल्यावर केस मागवले. शेपटीच्या गोंड्यातले २५–३० केस, उपटलेले, कापलेले नव्हे. मुळाशी पांढरी गाठ दिसली पाहिजे, डीएनए तिथेच असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते, म्हणून कागदी पाकीट. मुळाकडचा अर्धा सेंटीमीटर कापून घेतला. त्यातल्या डीएनएचा तुकडा टॅक-वनने पूर्ण कापला, ३५७ ला काहीही नाही. बाराही मार्करवर दोनच्या वर शिखर नाही. वळूचं अंग निरोगी.

पण केसांतून वासरं होत नाहीत. मूळ जननपेशीही रक्तातून जुळ्याकडे जाऊ शकतात, म्हणून रेत तपासल्याशिवाय सही करायची नव्हती. आणि रेतावर इथे हमखास चूक होते. शुक्राणूचं डोकं प्रोटामीनच्या गंधक-बंधांनी घट्ट आवळलेलं असतं. हे बंध तोडणारं डीटीटी घातल्याशिवाय ते उघडत नाही. रक्तासाठीचा साधा किट रेतावर वापरला तर शुक्राणू तसेच राहतात आणि रेतात असलेल्या तुरळक पांढऱ्या पेशी तेवढ्या फुटतात. माणसाला वाटतं आपण रेत तपासलं. तपासलेलं असतं रक्तच.

म्हणून दोन टप्पे केले. गोठवलेल्या रेताची कांडी ३७ अंशांवर ३० सेकंद वितळवली, अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल जाईपर्यंत रेत पीबीएस या खारट द्रावणाने तीनदा धुतलं. पहिल्या टप्प्यात डीटीटीविना, फक्त एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि प्रोटीनेज-के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम), ५६ अंश. मग सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी वेगळं ठेवलं. तळाचा साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला: नुसती डोकी. ती पुन्हा धुऊन ४० मिलिमोलर डीटीटीसह फोडली. वरच्या पाण्यातल्या डीएनएत तीच फिकट रेघ आली. तळाच्या डीएनएत नाही. एकाच कांडीतून दोन उत्तरं. मनापासून सांगते, त्या जेलचा फोटो भिंतीवर लावला.

जेलची हद्द माहीत होती, म्हणून शुक्राणूंचा डीएनए डिजिटल पीसीआरवरही चालवला. त्यात नमुना सुमारे २० हजार थेंबांत वाटला जातो आणि प्रत्येक थेंब वेगळा वाचला जातो, त्यामुळे एक टक्क्याखालची सदोष प्रतही दिसते. तीन वेगवेगळ्या दिवशी गोळा केलेल्या कांड्या घेतल्या. ज्ञात निरोगी नमुन्यातही एखाददुसरा खोटा थेंब येतो. वळूचे त्याहून जास्त आले नाहीत. वळू पास.

मला जास्त धसका उलट्या शक्यतेचा बसला. मिसळण्याचं प्रमाण ठरलेलं नसतं. एखाद्यात जुळ्याच्याच पेशी वरचढ असतात. समजा वळू खरा वाहक आहे, त्याच्या रक्तात बहुतेक पेशी निरोगी जुळ्याच्या आहेत, आणि उरलेली सदोष प्रत जेलच्या हद्दीखाली गेली. अहवाल 'मुक्त' निघाला असता, कुणीही दुसऱ्यांदा पाहिलं नसतं, आणि त्याच्या हजारो कांड्या गोठ्यागोठ्यांत गेल्या असत्या. इथे रेघ दिसली म्हणून तपास झाला.

ही फसगत फक्त जनावरांची नाही. याच आयटीजीबी२ जनुकाच्या दोषाने माणसाच्या बाळांत लॅड-१ नावाचा आजार होतो, आणि त्यावरचा मुख्य इलाज अस्थिमज्जा प्रत्यारोपण. प्रत्यारोपणानंतर त्या मुलाच्या रक्तात दात्याचा डीएनए सापडतो, आजाराचा दोष सापडत नाही. पण त्वचेत आणि जननपेशींत तो तसाच असतो. पुढे वंशाविषयी सल्ला द्यायचा तर रक्तावरचा अहवाल कुचकामी. गालाच्या आतला फायाही सुरक्षित नाही, लाळेत पांढऱ्या पेशी असतात. त्वचेचा छोटा तुकडा घेऊन कल्चर करावं लागतं. जनुक-संपादित भ्रूणांतही हेच वेगळ्या वाटेने येतं: पहिलं विभाजन होऊन गेल्यावरही क्रिस्पर ही जनुकाची कात्री कापत राहिली तर एकाच वासराच्या वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळी संपादनं होतात, आणि कानाचा तुकडा एक सांगतो, रेत दुसरंच.

एक धागा उरला होता. मेलेली कालवड वाहक होती, म्हणजे आई-बापांपैकी एक वाहक. बाप आधीच तपासलेला, मुक्त. आईचा साठ्यातला डीएनए मार्करसाठी आधीच वापरला होता, पण तिची ब्लॅड तपासणी कुणी मागितली नव्हती म्हणून झाली नव्हती. त्या संध्याकाळी लावली. तीन बँड, आणि वरचा चांगला जाडजूड.

अहवाल लिहिताना अडलं ते संगणकावर. निकालाला एकच रकाना: मुक्त, वाहक किंवा बाधित. त्यात 'मुक्त' भरलं आणि शेऱ्यात तीन ओळी टाकल्या: रक्त – मिश्र; केसांची मुळं – मुक्त; शुक्राणू – मुक्त. नमुन्याच्या फॉर्मवर 'जुळं होतं का, मेलेलं धरून' असा प्रश्न घातला. पुढच्या आठवड्यात त्या गायीच्या तीन कालवडींचे नमुने आले, कागदी पाकिटांत. डॉक्टरांनी न सांगताच केस पाठवले होते.