मोबदल्याचे पैसे आणि १९७९ चे शंभर

'१९७९ साली सेन्सेक्समध्ये एक लाख टाकले असते तर आज आठ कोटी झाले असते.' वणी-मारेगाव भागात कोळसा खाणीच्या मोबदल्याचे चेक सुटले की हा मेसेज हमखास फिरतो. वावर गेलेलं असतं, खात्यात एकरकमी पैसा पडलेला असतो आणि माझ्यासारख्या म्युच्युअल फंड वितरकाच्या टेबलावर बोलणं या आकड्यापासून सुरू होतं. २०२४ च्या सोयाबीन हंगामात आलेल्या एका बाप-लेकाचंही तसंच झालं. रक्कम ३२ लाख. लेकाला सगळी एका झटक्यात इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातल्याच कंपन्या घेणाऱ्या फंडात, टाकायची होती.

मेसेजमधलं गणित ढोबळमानाने खोटं नाही. सेन्सेक्सचा, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, पाया १९७८-७९ = १००. मार्च २०२४ चा बंद भाव ७३,६५१. पंचेचाळीस वर्षांत ७३६ पट, म्हणजे वर्षाला चक्रवाढीने १५.८ टक्के. मी हे कागदावर मांडत असताना बाप म्हणाला, "मले एक सांगा जी, तवा हे शंभर कोणाले इकत भेटत होतं?"

हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. उत्तर असं की कोणालाच मिळत नव्हतं. सेन्सेक्स प्रसिद्ध व्हायला लागला तो १ जानेवारी १९८६ ला. त्याआधीचे आकडे मागे जाऊन मोजलेले आहेत, तेही १९८६ साली मोठ्या असलेल्या ३० कंपन्या धरून. मधल्या काळात बुडालेल्या कंपन्या त्या मोजणीत येणारच नव्हत्या. प्रसिद्ध व्हायला लागला तेव्हाच निर्देशांक साधारण ५५० वर होता, म्हणजे या कागदावरच्या पावणेसात वर्षांत वर्षाला २८ टक्क्यांच्या वर वाढ दिसते. तेवढा तुकडा कापला की उरलेल्या सव्वाअडतीस वर्षांचा परतावा १३.७ टक्क्यांवर येतो. तरीही चांगलाच आहे, पण मेसेजमधला नाही. शिवाय फंडातून घ्यावं म्हटलं तर पहिला इक्विटी (शेअरमध्ये पैसे लावणारा) फंड, यूटीआयचा मास्टरशेअर, १९८६ च्या ऑक्टोबरचा, आणि निफ्टी या दुसऱ्या निर्देशांकाचा पहिला ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा इंडेक्स फंड, २००१ च्या डिसेंबरचा.

त्या मूळ तीसमध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीज होती हे सांगितल्यावर दोघंही सरसावून बसले. पेपर मिल त्यांच्या ओळखीची. १९ ऑगस्ट १९९६ ला सेन्सेक्समधल्या १५ कंपन्या एकाच दिवशी बदलल्या, त्यात बल्लारपूर बाहेर पडली. २०२० मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. निर्देशांक असा पडत्या कंपन्या टाकत पुढे जातो. इंडेक्स फंडवाल्याला ही अदलाबदल आपोआप मिळते, मात्र खर्च वजा होऊन. 'चांगली कंपनी आहे' म्हणून एकच शेअर धरून बसणाऱ्याला ती मिळत नाही.

खरी मेख सुरुवातीच्या तारखेत आहे. मार्च अखेरचे आकडे घेऊन पंधरा-पंधरा वर्षांचे तुकडे पाडले. एक्सेलमध्ये हे पाच मिनिटांचं काम: पंधरा ओळी खालचा आकडा भागिले वरचा, त्याचं पंधरावं मूळ, वजा एक. मार्च २००८ ला १५,६४४. मार्च २०२३ ला ५८,९९२. लाखाचे ३ लाख ७७ हजार, वर्षाला सव्वानऊ टक्के. आता एकच वर्ष पुढे सरका: मार्च २००९ ला ९,७०९, मार्च २०२४ ला ७३,६५१. लाखाचे ७ लाख ५९ हजार, साडेचौदा टक्के. चौदा वर्षं दोन्हीकडे तीच आणि रक्कम दुप्पट!

"म्हंजे मृगात पेरलं का आर्द्रात, तेवढ्यानंच अर्धं पीक?" बापाने विचारलं. हो, तेवढ्यानंच.

मार्च ते मार्च धरलं तर सगळ्यात वाईट तुकडा मार्च १९९४ ते मार्च २००९: ३,७७९ वरून ९,७०९, साडेसहा टक्के. त्यातली पहिली पाच वर्षं तर कोरडीच गेली, मार्च १९९९ चा बंद ३,७४०. त्याच काळात पोस्टातलं किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट होत होतं, आणि ते बापाला चांगलं आठवत होतं. या आकड्यांत लाभांश नाही हे मात्र सांगायला हवं. लाभांशाचे वर्षाला साधारण सव्वा-दीड टक्के वाढवून घ्यावेत. म्हणूनच २०१८ पासून फंडांना आपली तुलना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी, करावी लागते. जुन्या पत्रकात फंडाच्या परताव्यात लाभांश धरलेला आणि शेजारच्या निर्देशांकात नसलेला असेल, तर फंड उगाच हुशार दिसतो.

लेक म्हणाला, "पण शेवटी वर तर जातेच ना?" भारतात आजवर गेला. जपानचा निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. मार्च २००९ मध्ये तो ७,०५४ वर होता. जुना उच्चांक ओलांडला २२ फेब्रुवारी २०२४ ला, चौतीस वर्षांनी. लाभांश धरला तरी तीसेक वर्षं. जपानचे कारखाने काही बंद पडले नव्हते. १९८९ मध्ये शेअरचे भाव नफ्याच्या साठपटीच्या आसपास चढले होते, एवढंच. चीनच्या शांघाय निर्देशांकाने ऑक्टोबर २००७ मध्ये गाठलेली ६,१०० ची पातळी पुन्हा पाहिलेली नाही, आणि मधल्या काळात त्या देशाची अर्थव्यवस्था कितीतरी पट मोठी झाली. देश वाढणं आणि त्याच्या एकाच बाजाराच्या फंडात पैसे वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मला विचाराल तर 'भारताची गोष्ट' म्हणून फंड विकणाऱ्यांनी शांघायचा आलेख आधी दाखवावा.

मग वाटणी केली. बाप बासष्ट वर्षांचा, म्हणून १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत: ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० रुपये, घरखर्चाला. ५ लाख बँकेत, सोसायटीचं कर्ज आणि घराच्या छपरासाठी. उरलेले १२ लाख लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचा, कमी चढउताराचा फंड) टाकून तिथून महिन्याला ५०,००० प्रमाणे २४ महिने इंडेक्स फंडात, म्हणजे एसटीपी (सिस्टिमॅटिक ट्रान्सफर प्लॅन). यामुळे परतावा वाढतोच असं नाही, बाजार चढत राहिला तर तो कमीच होतो. पण सगळा पैसा मार्च २००८ सारख्या एका तारखेवर टांगला जात नाही. एसटीपी एकाच फंड कंपनीच्या दोन योजनांमध्येच चालते. लेकाने लिक्विड एका कंपनीचा आणि इंडेक्स दुसरीचा निवडला होता, तो बदलला.

खर्चाचंही सांगितलं. वर्षाला एक टक्का खर्च जास्त असेल, तर १२ लाख पंधरा वर्षांत १२ टक्क्यांनी ६५ लाख ६८ हजार होतात आणि ११ टक्क्यांनी ५७ लाख ४२ हजार. इंडेक्स फंडात फरक इतका मोठा नसतो, पण डायरेक्ट प्लॅन, म्हणजे वितरकाशिवाय थेट फंड कंपनीकडून घेतलेला, स्वस्त असतो आणि त्यात मला कमिशन नसतं, हेही बोललो. वर्षभराहून जास्त ठेवून विकताना वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर.

फॉर्म त्या दिवशी गेला नाही. आधारवर नाव वडिलांच्या नावासह, पॅनवर नुसतं नाव-आडनाव, आणि पासबुकात आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. आधी बँकेतलं नाव सुधारून घ्या, नाहीतर पैसे काढायच्या वेळी अडेल, असं सांगून अर्ज लिहून दिला. नॉमिनी म्हणून लेकाने स्वतःचं नाव सांगितलं होतं. बापाने तिथं बायकोचं घालायला लावलं.