‘आत्ता’ला कोरियनमध्ये नेमकं काय म्हणायचं?

कोरियन शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न मला सतत विचारला जातो: ‘जिगुम, ईजे, बांगगुम, गुम्बांग या सगळ्यांचा अर्थ आत्ताच ना? मग कधी कोणता वापरायचा?’ रांजणगावच्या कारखान्यांत कोरियन साहेबांबरोबर काम करणारे विचारतात, मालिका बघून भाषेच्या प्रेमात पडलेल्या मुली विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं पहिलं म्हणणं असं, की हे शब्द इंग्रजीतून पाठ करू नका. आपल्याला मिळणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून कोरियन शिकवतात आणि तिथे जिगुम आणि ईजे दोन्हींपुढे ‘नाऊ’ एवढंच लिहिलेलं असतं. मराठी माणसाला याची गरजच नाही. आपल्याकडे ‘आत्ता’ वेगळं आणि ‘आता’ वेगळं.

‘जिगुम’ म्हणजे आत्ता, हा चालू क्षण. फोनवर कुणी विचारलं काय चाललंय, तर ‘जिगुम मॉगॉयो’, आत्ता जेवतेय. ‘ईजे’ म्हणजे आता, आणि त्याच्या पाठीशी कायम एक ‘आधी’ उभा असतो. आधी एक स्थिती होती, ती संपली, दुसरी सुरू झाली. ‘ईजे दाम्बे आन पिवॉयो’ म्हणजे आता मी सिगारेट ओढत नाही, सोडली. इथे ईजेच्या जागी जिगुम घातलंत तर या घडीला ओढत नाही एवढंच कळेल. संध्याकाळचं काय, ते ऐकणाऱ्याने ठरवावं!

पण एका ठिकाणी मराठी चकवते. उशिरा घरी आलेल्या मुलाला आई म्हणते, ‘आत्ता येतोयस होय?’ कोरियन आई मात्र म्हणेल, ‘ईजे वा?’ कारण तिच्या मनात तो क्षण नाही, तोवर वाट पाहण्यात गेलेला सगळा वेळ आहे. तसंच ‘आत्ता कुठे कळलं’ हे कोरियनमध्ये ‘ईजेया आल्गेस्सॉ’. तेव्हा आपल्या जिभेवर आत्ता येतंय की आता, एवढ्यावर थांबू नका. याआधी चित्र वेगळं होतं, हे मला सांगायचंय का? सांगायचं असेल तर ईजे.

आता ‘गुम’वाले शब्द. (हा उकार ओठ गोल न करता म्हणायचा, मराठीत तो स्वर नाही.) जिगुम, बांगगुम आणि गुम्बांग या तिन्हींतला गुम मूळ चिनी अक्षरातून आलाय आणि त्याचा अर्थच ‘आत्ता’. बांगगुम आणि गुम्बांगमध्ये तर तीच दोन अक्षरं उलटसुलट आहेत. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेच्या प्रमाण शब्दकोशातही दोघांचे अर्थ जवळजवळ सारखेच दिलेत, म्हणून विद्यार्थी गोंधळतात. बोलण्यात मात्र बांगगुम मागे बघतो: ‘बांगगुम वास्सॉयो’, आत्ताच आले. गुम्बांग दोन्हीकडे बघतो, अगदी आपल्या आत्तासारखा. ‘आत्ता आले’ही म्हणतो आपण आणि दारातून ‘आत्ता येते’ही. पुढच्या गोष्टीसाठी बोलताना गुम्बांगच येतो: ‘गुम्बांग गाल्केयो’, लगेच येते. सोलमध्ये बसथांब्यावरच्या पाटीवर ‘गोत दोचाक’, म्हणजे गाडी लवकरच येतेय, असं दिसतं. गोतही जवळचाच, पण पाटीवर, सूचनेत, बातमीत तो जास्त शोभतो. मैत्रिणीला थांबवून ठेवताना गुम्बांग म्हणा.

‘आक्का’साठी तर आपल्याकडे नेमका शब्द आहे: मघाशी. आजचीच, थोड्या वेळापूर्वीची गोष्ट. गेल्या आठवड्याच्या गोष्टीला आपण मघाशी म्हणत नाही, तसं आक्काही म्हणत नाहीत. ‘आजिक’ म्हणजे अजून; ‘अजून झोपलाय’ आणि ‘अजून आला नाही’ दोन्हींना चालतो.

मला सगळ्यात आवडते ती ‘बॉल्सॉ’ आणि ‘ईमी’ची जोडी. इंग्रजी पुस्तकं दोघांना एकच प्रतिशब्द देतात आणि घोटाळा करतात. पाहुणे चहा पिऊन उठले की यजमानीण म्हणते, ‘बॉल्सॉ गासेयो?’ इतक्यात निघालात? यात आश्चर्य आहे, थोडा आग्रह आहे, बसा ना जरा असं न बोलता म्हटलेलं आहे. तिथे ईमी बसत नाही. ईमी म्हणजे आधीच. झालं ते झालं, त्यात फिरवाफिरव नाही. ‘साहेब आहेत का?’ ‘ईमी गाशॉस्सॉयो’, ते गेलेत. याच उत्तरात बॉल्सॉ म्हणालात तर साहेब फारच लवकर पळाले, असा तुमचा शेराही ऐकू जाईल. साहेबांबद्दल असं बोलायचं की नाही, हे तुम्ही ठरवा, पण ते नकळत बोललं जाऊ नये. डिसेंबर उजाडला की कोरियन लोकही एकमेकांना ‘बॉल्सॉ डिसेंबर!’ असंच म्हणतात, आणि त्यात वर्ष निसटल्याची चुटपुट असते.

राहिले ‘ईत्तागा’ आणि ‘नाजुंगए’. इथे आपलं ‘नंतर’ अपुरं पडतं, ते दोन्हीकडे चालतं म्हणून. ‘ईत्तागा ब्वायो’ म्हणजे आजच, थोड्या वेळाने भेटू. हे ऐकणारा खरंच वाट बघेल. ‘नाजुंगए ब्वायो’ म्हणजे पुढे कधीतरी. कामावर ‘नंतर पाठवते’ म्हणायचं असेल आणि फाइल आज जाणार असेल, तर ईत्तागाच म्हणा. नाजुंगए ऐकून समोरचा काळजीत पडेल. लिहिताना एक सांभाळा: ‘राहून, थांबून’ अशा अर्थाचं ‘इस्सदागा’ असं लिहिलं जाणारं रूप उच्चारात ईत्तागासारखंच ऐकू येतं. ‘घरी थांबून मग निघाले’ या वाक्यात ते हवं. ही चूक कोरियन माणसंही सर्रास करतात, पण परीक्षेत गुण तुमचे जातील.