तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गातली भांडणं

"बाई, चौथीतल्या पोरांची भांडणं तुम्ही सोडवता तरी कशी?" पालकसभेत हे कुणीतरी विचारतंच. खरं सांगू? बरीचशी मी सोडवतच नाही. मारामारी असेल किंवा एकाला घेरून छळणं चाललं असेल, तर लगेच मध्ये पडते, तिथे चर्चा नाही. बाकी वेळी फक्त विचारते, "तू आत्ता काय केलंस?"

मधल्या सुट्टीतलं क्रिकेट घ्या. बॅटचा मालक आउट झाला, की बॅट काखेत मारून "जा, मी नाही खेळत" म्हणतो. कुणी त्याच्या अंगावर धावून जातं, कुणी "जाऊ दे, घे परत बॅटिंग" म्हणतं, कुणी गुपचूप पाणी प्यायला सटकतं. एखादा "ट्राय बॉल धरू" म्हणून तोडगा काढतो. आणि क्वचित एखादी म्हणते, "भिंतीला लागला तर आउट की नाही, ते आधी ठरवू. मग सगळ्यांनाच नीट खेळता येईल." केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या अमेरिकी अभ्यासकांनी 1974 मध्ये, भांडणात आपण कसे वागतो हे ओळखायला मोठ्या माणसांसाठी प्रश्नावली केली, तिच्यातही साधारण याच पाच तऱ्हा आहेत. अमुकच तऱ्हा कायम बरोबर, असं ते म्हणत नाहीत. मलाही ते पटतं. दोन मिनिटांत घंटा होणार असेल तर ट्राय बॉलच बरा.

मला काळजी वाटते ती "घे परत बॅटिंग" म्हणणाऱ्याची. त्याला आपण सगळे शहाणा म्हणतो. घरी "तू मोठा आहेस ना, दे त्याला" ऐकून तो तसा झालेला असतो. मग कधीतरी दुसऱ्याची वही फळ्यामागे सापडते, आणि ती यानेच लपवलेली असते! अशा मुलांकडून मी वाक्यं चक्क मोठ्याने म्हणून घेते: "माझी पट्टी न विचारता घेतलीस, मला राग आला. आधी विचारत जा." पहिल्यांदा आवाज फुटत नाही, नजर चपलेवर असते. आरडाओरडा करणाऱ्यांनाही हीच वाक्यं, फक्त हळू आवाजात आणि हात मागे बांधून.

यावर काही पालकांची तक्रार असते, "हल्ली घरी उलट बोलतो." काय बोलला, हे विचारल्यावर कळतं: "आई, तू ताईचंच ऐकलंस, माझंही ऐक." मी म्हणते, मग ऐकलंत का?