दुसरा कप कोणाचा? थ्रिलरचा ट्रेलर आणि त्याची जाहिरात

ट्रेलर कापायला बसलं की हात आधी सगळ्यात भारी शॉटकडे जातो. सायकॉलॉजिकल थ्रिलरमध्ये तो शॉट बहुतेक वेळा शेवटच्या पाच मिनिटांतला असतो, आणि फिल्म तिथेच फुटते. म्हणून शूटच्या आधी, पटकथेवरूनच, ट्रेलरचा एक प्रश्न लिहून काढा. समजा, पेठेतल्या वाड्यात एकटी राहणारी मुलगी रोज दोन कप चहा ओतते. मग प्रश्न एवढाच : दुसरा कप कोणाचा? जो शॉट हा प्रश्न धारदार करत नाही तो बाहेर, कितीही सुंदर असला तरी.

लांबी 60 ते 75 सेकंद पुरे. पहिली 20 सेकंदं अगदी साधी जाऊ द्या : गॅस, गाळणं, चहाची धार. दोन कप भरतानाचा शॉट सलग 6 सेकंद ठेवा, मध्ये कापू नका. ती आपला कप उचलते, दुसरा वाफाळत राहतो. पुढे केव्हातरी तोच कप रिकामा दिसतो, तळाशी चहापत्तीचे चार कण. हे दोन्ही शॉट एकाच जागेवरून, एकाच लेन्सने घ्या. फ्रेम हलली तर फरक कपात आहे हे प्रेक्षकाला कळतच नाही.

ट्यूबलाइटखाली शूट करताना सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने ऑटो शटरवर चित्रात पट्टे सरकतात आणि ते नंतर नीट निघत नाहीत.

खरी भीती मात्र आवाजात असते, आणि विद्यार्थी तिथेच हात आखडता घेतात. प्रत्येक खोलीचा निव्वळ शांततेचा आवाज निदान 30 सेकंद रेकॉर्ड करा. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरणार नाही. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो; पुण्यात नदीकाठी किंवा पेठांत तेव्हा स्वच्छ संवाद मिळणं अवघड. पहाटे चारचा कॉल टाइम, म्हणजे सगळ्यांनी सेटवर हजर व्हायची वेळ, लावा.

मिक्स करताना खोल घुमणारा आवाज हेडफोनवर अंगावर येतो, फोनच्या स्पीकरवर मात्र गायब होतो, कारण इतके खालचे सूर तो वाजवूच शकत नाही. त्याच आवाजाचा एक सप्तक वरचा थर जोडा आणि फोनवर ऐकून बघा. धक्क्याच्या आधी 10 फ्रेम सगळा आवाज तोडा, खोलीचासुद्धा. दचकवते ती हीच पोकळी.

कच्चा कट झाला की कथा माहीत नसलेल्या तिघांना दाखवा आणि शेवट काय असेल ते लिहून मागा. दोघांनी खरा शेवट लिहिला तर कोणत्या शॉटवरून ओळखलं ते विचारा आणि तो शॉट काढा.

रीलसाठी उभा, 9:16 चा 15 सेकंदांचा वेगळा कट लागतो. आडव्या फ्रेमच्या बाजू छाटून काम भागत नाही, म्हणून शूट करतानाच कप मधोमध ठेवा. खालचा भाग कॅप्शन आणि बटणांखाली जातो, तिथे नाव टाकू नका. व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि अंधाराचे चौकोनी ठोकळे होतात.

पोस्टर ए3, 300 डीपीआय, चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना छाटली जाणारी जादा कड. स्क्रीनवर दिसणारी काळोखातली आकृती कागदावर बुडते, तेव्हा छपाईची फाइल थोडी उजळ करा आणि आधी एकच प्रत काढून बघा. कॉलेजच्या फलकावर पोस्टर लावायचं तर पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमी संपल्यावर. तोवर नाटकवाल्या मुलांना मान वर करायला वेळ नसतो, आणि तुमचा पहिला प्रेक्षक तीच मुलं आहेत.

पूर्ण फिल्म यूट्यूबवर टाकायची घाई नको. काही महोत्सव आधीच ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. नियम वाचून होईपर्यंत ट्रेलर सार्वजनिक आणि फिल्म पासवर्डच्या लिंकवर ठेवा.