ती ओके अजून आली नाही!

पेरूतल्या पुनो भागात, ४,००० मीटरच्या आसपास उंचीवर, संध्याकाळी अल्पाकांचा, म्हणजे लोकरीसाठी पाळलेल्या उंटाच्या कुळातल्या जनावरांचा कळप दगडी कोंडवाड्यात शिरत होता. राखणाऱ्या आजी जनावरं मोजत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. तरी लगेच म्हणाल्या, ‘ती ओके अजून आली नाही!’ ओके म्हणजे राखाडी. त्यांना आकडा लागतच नाही, प्रत्येक जनावराचं वर्णन तोंडपाठ असतं.

केचुआ या तिथल्या भाषेत काळी ती याना, पांढरी युराक. काळा-पांढरा ठळक जोड असेल तर अल्का. वाल्याता हा तिथल्या तळ्यांवरचा पांढरा, काळ्या पंखांचा रानहंस. तशी रंगसंगती असली की जनावरालाही तेच नाव. मला हे फार आवडलं. वयाचे शब्द आणखी वेगळे: दूध पिणारं उन्या, दूध सुटलेलं तुई. लोकर लांब बटांची असेल तर सुरी, फुगीर असेल तर वाकाया. लामा (अल्पाकाचा मोठा भाईबंद) नर आणि अल्पाका मादीचं पिल्लू वारिसो, उलट जोडीचं मिस्ती.

पेरूचे मानववंशशास्त्रज्ञ होर्हे फ्लोरेस ओचोआ यांनी या वर्गीकरणाचा अभ्यास केला, हे फार मोलाचं काम आहे. कारण गिरण्यांना पांढरी लोकर हवी असते, ती हव्या त्या रंगात रंगवता येते. म्हणून कळपच्या कळप पांढरे होत गेले, आणि रंगच उरले नाहीत तर त्यांची नावं तरी कशी उरणार? रंगीत जनावर राखणं पशुपालकाला परवडायला हवं, आणि त्यासाठी रंगीत लोकरीलाही पांढरीइतकाच भाव मिळाला पाहिजे.