सरकारी माणूस आणि माळ

द्वादशीची रात्र, सोलापूर

चार दिवसांची वारीची ड्यूटी संपवून संध्याकाळच्या एस.टी.नं घरी पोचलो. हिनं बूट दारातच काढायला लावले. पंढरपुरातल्या ६५ एकराचा, म्हणजे वारकऱ्यांच्या तळाचा, चिखल लेसच्या भोकांत वाळून बसलाय.

यंदा पाण्याच्या टँकरवर होतो. टँकर आला की आधी ओटी, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी, घ्यायची. नळीत पाणी, वर ओटीचे थेंब, आणि उजेडाकडे धरून बघायचं. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, मग तोट्या सोडायच्या. नाही झालं तर कितीही आरडाओरडा होवो, टँकर अडवून धरायचा. परवा असाच एक अडवला, तेव्हा परभणीकडची एक म्हातारी हंडा टेकवून बसली. म्हणाली, "माळ हाय का गळ्यात?" म्हटलं, "नाही आजी, मी सरकारी." "मंग ऱ्हाऊ दे," म्हणाली, "पानी तेवढं नीट बघ." मनापासून हसलो. सरकारनं धर्मात किती शिरावं यावर इतकं थोडक्यात आजवर कुणी मला सांगितलं नव्हतं.

एकादशीच्या पहाटे महापूजा तंबूतल्या मोबाइलवर पाहिली. मुख्यमंत्री, त्यांच्या पत्नी आणि रांगेतून निवडलेलं मानाच्या वारकऱ्याचं जोडपं. ते जोडपं पाहून दरवेळी गलबलतं, खोटं कशाला बोलू. पण मुख्यमंत्र्यांनी पूजा करावी ती माणूस म्हणून, की खुर्ची म्हणून? २०१८ला आरक्षणाचं आंदोलन पेटलं होतं. मुख्यमंत्री आलेच नाहीत, घरीच पूजा केली. विठ्ठलाचं त्यावाचून काही अडलं नाही. वारी झाली, टँकरही आले. तेव्हापासून वाटतं, ही पूजा देवापेक्षा आम्हा सरकारवाल्यांनाच जास्त लागते.

म्हणून सरकारनं देवळाकडे पाठ फिरवावी असंही म्हणवत नाही. याच पंढरपुरात मे १९४७मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठं दलितांना विठ्ठलाचं दार उघडलं. घटनेच्या पंचविसाव्या कलमानं धर्मस्वातंत्र्य दिलं, आणि त्याच कलमात हिंदूंची सार्वजनिक देवळं सगळ्या थरांतल्या हिंदूंना खुली करण्याचा अधिकार सरकारला दिला. पुढं १९७३चा पंढरपूर मंदिरे अधिनियम आला, बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क गेले. ते भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत चाललं, जानेवारी २०१४ला मिटलं. माझे वडील सांगायचे, पायावर डोकं ठेवायच्या आत हात पुढं यायचा. तो हात सरकारनंच दूर केला. कोर्टकचेरीशिवाय तो हलला असता असं मला तरी वाटत नाही.

मग रेघ कुठं मारायची? माणसाला देवापर्यंत पोचताना दुसरा माणूस अडवत असेल, तर तिथं सरकारनं जरूर घुसावं. पाणी, संडास, रस्ता, चेंगराचेंगरी हे सगळं त्याचंच. देवापुढं आपला पाट मांडून बसायचं मात्र काम नाही. देवळाचा कारभार सरकारी समितीकडं आता चाळीसेक वर्षांत रुळलाय, पण तो कायम असाच राहावा का, याचं माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं.

हे सगळं लिहिताना मला माझंच एक आठवतं आणि पेन थबकतं. श्रावणात आमच्या कार्यालयात सत्यनारायण असतो. मुख्य टेबल बाजूला सरकवून तिथं चौरंग, सरकारी सतरंजी, केळीचे खांब जिन्याच्या कठड्याला. माणशी पन्नास रुपये. यादी लिहायचं काम माझ्याकडे, अक्षर बरं आहे म्हणून. सत्ताविसावं कलम म्हणतं, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी म्हणून कुणावर कर लादता येत नाही. आमची वर्गणी हा काही कर नव्हे, ऐच्छिकच असते. साहेब समोर बसलेले असताना जितकी ऐच्छिक असू शकते तितकी.

आमचे जीपचे चालक मुसलमान आहेत. अकरा वर्षं त्यांचं नाव माझ्या अक्षरात यादीत दुसरं किंवा तिसरं असतं. शिपाईमामांच्या आधी ते पैसे देतात. मी कधी विचारलं नाही.

आज येताना एस.टी.त शेजारी तेच होते, त्यांचीही ड्यूटी होती. मोहोळ गेल्यावर धीर करून म्हटलं, "यंदा तुमचं नाव नको लिहू का?"

ते जरा वेळ बाहेर बघत बसले. मग म्हणाले, "लिहा की भाऊसाहेब. शिरा मीपण खातो की."

दोघंही हसलो. पण आता वाटतंय, मी असं विचारल्यावर त्यांना दुसरं काय म्हणता आलं असतं?